जुनी मारुती ८०० गरम होते? पार्ट बदलण्याआधी हा क्रम पाळा

जुनी ८०० गरम व्हायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. आधी रेडिएटर बदलतात. मग वॉटर पंप. तरी तापमानाचा काटा वर जातोच, म्हणून फॅन डायरेक्ट करतात, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत फिरतच राहील असा जोडतात. शेवटी थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की उघडणारा वॉल्व) काढून फेकतात आणि ‘आता होणार नाही’ असं सांगतात. पैसे जातात, दोष तिथेच राहतो, आणि एखाद्या घाटात हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) उडतं.

माझ्या गाडीचं गॅस्केट खंबाटकीच्या चढावर उडालं. आठवडाभर आधीच नवा रेडिएटर बसवला होता. इंजिन उघडल्यावर कळलं की थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच, आणि रेडिएटर बसवणाऱ्याने पाणी भरताना आतली हवा काढली नव्हती. रेडिएटर चांगला होता. काम चुकीच्या क्रमाने आणि अर्धवट झालं होतं. त्यानंतर हे काम मी स्वतः करतो. घरी, हातातल्या साध्या पान्यांनी ते होतं.

खालचा क्रम कार्बोरेटरवाल्या आणि एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या), दोन्ही ८०० ला लागू आहे. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना. ‘तासाभरापूर्वीच बंद केली’ हे चालणार नाही. इंजिन हाताला गारच लागलं पाहिजे.

जवळ ठेवायच्या वस्तू: ८, १०, १२ आणि १४ चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, पसरट टब, जुनी फडकी, कापलेल्या बाटलीचं नरसाळं. सामान: थर्मोस्टॅटचं नवं गॅस्केट (थर्मोस्टॅट आधी तपासायचा, मग लागला तर घ्यायचा), पाइपच्या चार नव्या क्लिपा, रेडिएटरची नवी टोपी, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. ८०० ला साधारण साडेतीन लिटर लागतं. चार लिटर तयार कूलंट आणि धुण्यासाठी आठ-दहा लिटर डिस्टिल्ड पाणी असलं की काम मध्येच अडत नाही. बॅटरीच्या दुकानात हे पाणी मिळतं.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको. ज्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेच करतं. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या गाड्यांचे रेडिएटर मी याच कारणाने निम्मे बुजलेले पाहिले आहेत.

कूलंट दोन प्रकारचं मिळतं. एक थेट ओतायचं आणि दुसरं पाणी मिसळायचं. डब्यावर नीट वाचा. मिसळायचं असेल तर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. नुसतं घट्ट कूलंट ओतणं ही चूक आहे, कारण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं काही जण विचारतात. गंज थांबतो, उकळण्याचं तापमान वाढतं आणि पंपाचं सील टिकतं, म्हणून.

> सावधान: कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. जुनं कूलंट टबात धरा, डब्यात भरून झाकण लावा. अंगणात किंवा गटारात सोडू नका.

टप्पा १ : गाडी नेमकी केव्हा गरम होते?

पाना हातात घेण्याआधी याचं उत्तर पाहिजे. दोन दिवस गाडी चालवून काट्याकडे लक्ष ठेवा.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर संशय फॅनवर घ्या. उलट, गावात ठीक पण हायवेला किंवा घाटात चढत असेल, तर रेडिएटर बुजलेला आहे, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही किंवा बेल्ट सरकतो आहे. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लाल पट्टीकडे धावत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, आत हवा आहे किंवा गॅस्केट गेलं आहे.

एक लक्षण फसवं आहे. काटा वर जाता जाता अचानक खाली पडला तर ‘गार झाली’ असं समजू नका. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो उघडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. तेव्हा गाडी लगेच थांबवायची.

टप्पा २ : हेड गॅस्केट आधी तपासा

गॅस्केट गेलेलं असेल तर पुढचं सगळं काम वाया जातं, म्हणून हे पहिलं. इंजिन गार असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते चालतात. पण बुडबुडे थांबतच नाहीत, रेस दिली की वाढतात, किंवा पाणी उसळून बाहेर येतं, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे.

दुसरी खूण ऑइलमध्ये दिसते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं आहे. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पिवळट फेस दिसला तर मात्र घाबरू नका. थंडीत आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांत वाफ जमून तो होतो. डिपस्टिक बघूनच ठरवा.

तिसरी खूण: गार इंजिन सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होणं. पाणी अजून तापलेलंही नसतं, मग दाब येतो कुठून? सिलिंडरमधूनच.

यांतलं काही ठळक दिसलं तर इथेच थांबा. हेड उतरवावं लागेल. ते ॲल्युमिनियमचं असतं आणि जास्त तापलं की वाकतं. नुसतं नवं गॅस्केट टाकून बोल्ट आवळणाऱ्याला ‘फेसिंग करून आणा’, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करून आणा, असं स्पष्ट सांगा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट महिनाभरही टिकत नाही.

टप्पा ३ : फॅन

टोपी लावा, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून चालू द्या, एसी बंद. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन आपोआप सुरू व्हायला हवा आणि काही वेळाने बंदही व्हायला हवा. बंद होणं तितकंच महत्त्वाचं आहे.

सुरू झाला नाही तर आधी फ्यूज बघा. मग मोटरचा कनेक्टर काढून तिला दोन वायरींनी थेट बॅटरीवरून करंट द्या. हात आणि फडकं पात्यांपासून लांब. मोटर फिरली नाही तर मोटर गेली. फिरली तर दोष पुढे आहे: कार्बोरेटरवाल्या गाडीत थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा), एमपीएफआयमध्ये रिले किंवा सेन्सर. तेवढीच वस्तू बदला.

फॅन इग्निशनवर डायरेक्ट करून घेऊ नका. गाडी चालू आहे तोवर तो फिरत राहतो, मोटरचे ब्रश लवकर झिजतात, आणि मुख्य म्हणजे सेन्सर किंवा रिले बिघडल्याचं तुम्हाला कधीच कळत नाही.

मोटर दुरुस्त होऊन आली असेल तर एक तपासणी नक्की करा. फॅन सुरू असताना वर्तमानपत्राचा हातभर तुकडा जाळीसमोर धरा. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटला तर ठीक. तो तुमच्याकडे फडफडत आला तर मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत आणि फॅन हवा बाहेर फेकतो आहे. उभ्या गाडीत थोडं गार होतं, पण पळताना समोरून येणारी हवा आणि फॅनची हवा एकमेकांना अडवतात. हा दोष ऐकून कळत नाही, कारण आवाज अगदी बरोबर येतो.

टप्पा ४ : पाणी काढणं

इंजिन पुन्हा पूर्ण गार होऊ द्या. हीटर असेल तर त्याची दांडी गरमवर ठेवा, म्हणजे त्याच्या नळ्यांतलंही पाणी निघेल. टोपी काढा, खाली टब ठेवा, रेडिएटरच्या बुडाचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) सोडवा. जुन्या गाडीत हा कॉक कडक झालेला असतो. जोर लावून तोडू नका. त्यापेक्षा खालच्या पाइपची क्लिप सैल करून पाइप हळूहळू फिरवत काढा.

निघालेलं पाणी काचेच्या बरणीत घेऊन उजेडात बघा. विटकरी असेल तर गंज. तळाला पांढरी भुकटी बसली तर क्षार. वर तेलकट साय दिसली तर पुन्हा टप्पा २ वर जा.

टप्पा ५ : थर्मोस्टॅट

गॅरेजमध्ये याला नुसतं ‘वॉल्व’ म्हणतात आणि ‘आपल्या हवेत लागत नाही’ असं बिनधास्त सांगतात. हे साफ चूक आहे. इंजिन ठरावीक तापमानावर चालावं म्हणून तो आहे. काढून टाकला की इंजिन तापायला फार वेळ घेतं. एमपीएफआयमध्ये सेन्सर ‘इंजिन गार आहे’ असं सांगत राहतो आणि पेट्रोल जास्त जातं. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही आणि आत काळा चिखल साचतो. ॲव्हरेज का पडलं म्हणून लोक कार्बोरेटर उघडत बसतात आणि कारण इथे असतं.

रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनला जिथे मिळतो, तिथल्या ॲल्युमिनियमच्या टोपीखाली थर्मोस्टॅट बसतो. टोपीला दोन बोल्ट असतात. वर्षानुवर्षं न उघडलेले हे बोल्ट तुटतात, आणि तुटले की लेथवाल्याकडे जावं लागतं. म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सोडवताना पाव फेरा उलटा, जरा परत सुलटा, पुन्हा उलटा, असं करत या.

थर्मोस्टॅट हातात आला की उजेडासमोर धरा. गार असताना तो घट्ट बंद हवा. फट दिसली तर तो उघडाच अडकला आहे.

मग घरातल्या जुन्या, पुन्हा जेवणासाठी न वापरायच्या पातेल्यात पाणी घ्या आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवा. त्याच्या चकतीवर अंश कोरलेले असतात, बहुतेक ८२. साधारण त्या तापमानाला तो हलायला लागतो आणि पाणी उकळायला आलं की पूर्ण उघडतो, म्हणजे आठेक मिमी. मी एकदा माझा जुना थर्मोस्टॅट असा लटकवून पाहिला. पाणी खळखळ उकळत होतं आणि फट जेमतेम नखाएवढी. गावात त्यावर भागत होतं, चढावर नाही. बाहेर काढून गार झाल्यावर तो पुन्हा पूर्ण मिटतो का, हेही बघा.

बसवताना तीन गोष्टी पाहा.

१. स्प्रिंगची बाजू इंजिनच्या आत. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही.

२. चकतीवर एक बारीक भोक किंवा हलणारी छोटी खीळ असते, ती वरच्या अंगाला. अडकलेली हवा तिथूनच निघते.

३. जुनं गॅस्केट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टीचे ओरखडे ॲल्युमिनियमवर पडले की तिथून गळती सुरू. खरवडताना भोकात फडकं कोंबा आणि नंतर आठवणीने काढा.

गॅस्केटला वरून शॅलॅक किंवा सिलिकॉन थापायचं नाही. जास्तीचं आतल्या बाजूला बाहेर येतं, वाळून सुटतं आणि रेडिएटरच्या नळीत जाऊन अडकतं. बोल्ट आखूड पान्याने, आळीपाळीने, मनगटाच्या जोरावर आवळा. खांद्याचा जोर लागतोय असं वाटलं की थांबा.

टप्पा ६ : धुणं

खालचा आणि वरचा पाइप काढून रेडिएटर उलटा धुवा: पाणी खालच्या तोंडातून आत, वरच्या तोंडातून बाहेर. बागेच्या नळीचा साधा दाब पुरे. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप लावू नका, जुने सांधे फुटतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि शेवटी दोनदा डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा, नाहीतर नळाचे क्षार आतच राहतात.

ॲसिड किंवा धुण्याचा सोडा घालून धुण्याचे सल्ले मिळतील. ऐकू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

नळ्या फारच बुजल्या असतील तर जुना पितळी रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे उघडून, सळई मारून साफ होतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर बदलणंच योग्य.

बाहेरची जाळी लोक विसरतात. एसी गाडीत कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत कचऱ्याची गादी बसते: पिसं, किडे, वाळलेला चिखल. टॉर्च लावून बघा. इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवा. जाळीची पानं बोट लावताच भुगा होऊन पडत असतील तर रेडिएटर संपला.

टप्पा ७ : पाइप, बेल्ट, पंप

पाइप दाबून बघा. टोकाला फुगलेला, आतून पिठूळ लागणारा किंवा वाकवल्यावर चिरा दाखवणारा पाइप बदला. क्लिपा नव्याच लावा. बेल्ट मधोमध अंगठ्याने जोरात दाबला तर साधारण एक सेंमी खाली जायला हवा. सैल असेल तर सरकतो, फार ताठ असेल तर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. पंपाची पुली वर-खाली हलवून बघा. हलत असेल किंवा पंपाच्या बुडाच्या भोकातून ओल येत असेल, तर पंप आत्ताच बदला, पुन्हा पाणी काढायची वेळ येऊ देऊ नका.

टप्पा ८ : भरणं आणि हवा काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नरसाळ्याने भरलं, टोपी लावली, झालं, असं नाही. आत अडकलेल्या हवेच्या फुग्याजवळचा भाग पाण्याविना तापतो, आणि हेड तिथेच वाकतं.

१. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हॅण्डब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

२. हीटर गरमवरच. कूलंट बारीक धारेने ओता. मध्ये मध्ये वरचा पाइप मुठीत धरून दाबा आणि सोडा. गुडगुड आवाज येईल, पातळी खाली जाईल. आवाज थांबेपर्यंत हे करत राहा.

३. टोपी न लावता इंजिन सुरू करा. एसी बंद, रेस नको. पातळी उतरेल तसं भरत राहा.

४. काही मिनिटांनी वरचा पाइप अचानक गरम लागेल. थर्मोस्टॅट उघडला. इथे पातळी एकदम घसरते. बहुतेक जण याआधीच टोपी लावून मोकळे झालेले असतात.

५. भरा आणि बुडबुडे बंद झाले की टोपी लावा. फॅन दोन वेळा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. रेडिएटरमधलं जादा पाणी जिथे जातं ती बाजूची टाकी खालच्या-वरच्या खुणांच्या मध्ये भरा.

६. इंजिन बंद. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, टोपी काढून पातळी बघा. कमी झाली असेल तर भरा. असं तीन सकाळी करा.

> तपासा: ओतलेलं कूलंट मोजत जा. साडेतीनच्या जागी अडीच लिटरच मावलं, तर आत अजून हवा किंवा न निघालेलं जुनं पाणी आहे.

टप्पा ९ : टोपी

रेडिएटरची टोपी प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करते. दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. ०.९ आकड्याची टोपी नीट दाब धरत असेल तर नुसतं पाणीही साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो, पाणी लवकर उकळतं आणि सगळा दोष रेडिएटरच्या माथी येतो. जुन्या टोपीवर छापलेल्या आकड्याचीच नवी घ्या. जास्त दाबाची घेतली तर जुने पाइप फुटतील.

टोपीत मधोमध एक छोटा उलटा वॉल्वही असतो. गार होताना तो टाकीतलं पाणी परत आत ओढतो. सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर तो अडकला आहे. टाकी गरम असताना भरते पण गार झाल्यावर पातळी उतरत नाही, तर टोपी किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी बघा.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू, गाडी कडेला. वाफ दिसत असेल किंवा फॅन फिरत नसेल तर इंजिन लगेच बंद. बोनेट उघडा आणि थांबा, किमान पाऊण तास. गरम असताना टोपीला हात लावू नका. उसळणाऱ्या पाण्याने चेहरा आणि हात भाजतात, आणि फडकं धरल्याने ते थांबत नाही. तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर जे स्वच्छ पाणी मिळेल ते भरा, घर गाठा, आणि नंतर ते काढून पुन्हा कूलंट भरा. साध्या पाण्यावर गाडी महिनोन्‌महिने फिरवू नका.

काम झाल्यावर टाकीवर चिकटपट्टी लावून कूलंट भरल्याची तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा रंग लिहा. गार इंजिनची पातळी मार्करने आखून ठेवा. पहिला महिना दर रविवारी सकाळी त्या रेघेकडे बघा. रेघ बोटभर उतरली तर पाणी कुठेतरी जातं आहे. आधी क्लिपा, मग पंपाचं भोक, मग गाडीच्या आत हीटरखालचा गालिचा ओला आहे का, हे या क्रमाने बघा. तिन्ही कोरडं असेल तर टप्पा २.